चांगला बोकड विकू नका



परवा सीताबर्डीवर काटोलकडचे एक शेतकरी भाऊ भेटले. म्हणाले, "साहेब, दोन बोकड एकाच महिन्यातले, जुळे कोणीच नाही. चारा एक, गोठा एक. मग नऊ महिन्यांत एक 20 किलोचा अन् दुसरा 14 चाच कसा?"

मी विचारलं, "विकला कोणता?"

"मोठाच विकला जी. ईदचा भाव आला. लहाना ठेवला कळपात."

इथंच चूक झाली. गवळाऊ वळू निवडताना आपण त्याचे मायबाप पाहतो. बोकड मात्र विकून उरलेला ठेवतो!

करडू निम्मे गुण आईकडून व निम्मे बापाकडून घेते. शेळी वर्षाकाठी मोजकीच करडे देते. पण 25 शेळ्यांमागे एकच बोकड असला, तर चाळीसेक करडांचा बाप तोच. म्हणून बोकड म्हणजे अर्धा कळप.

वाढीतला सगळाच फरक रक्ताचा नसतो. आईचे दूध, जंत, चारा यांचाही वाटा असतो. रक्ताचा वाटा साधारण पाव हिस्सा धरा. दोन बोकडांत फरक 6 किलोंचा. त्याचा पाव म्हणजे दीड किलो. बाप निम्मेच देतो, म्हणून करडामागे सरासरी पाऊण किलो. चाळीस करडांमागे 30 किलो! शिवाय त्याच्या पाठी कळपात राहून तोच गुण पुढे नेतात.

तेव्हा एवढे करावे :

1. जन्मताच, तिसऱ्या, सहाव्या व नवव्या महिन्यात वजन करून वहीत लिहावे.

2. जुळे करडू सुरुवातीस हलके असते, कारण दूध वाटले जाते. तेवढ्यावरून त्याला बाद करू नये. जुळ्यांतला चांगला वाढलेला बोकड पैदाशीस उत्तम.

3. बेरारी ही आपल्या विदर्भाची जात. उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली. कोणतीही पाळा, पण निवड वजनाच्या नोंदीवरून करा.

4. पैदाशीचा बोकड दर दोन वर्षांनी बदलावा. नाहीतर तो स्वतःच्याच पाठींना लागतो, करडे अशक्त निपजतात व मरतूक वाढते.

5. नर करडे चौथ्या महिन्यापूर्वीच वेगळी करावी.

आता मांसाचे. जातीप्रमाणे त्यात थोडाफार फरक पडतो. पण मऊपणा मुख्यतः वयावर व खुराकावर ठरतो. खच्ची न केलेल्या जून बोकडाच्या मांसाला उग्र वास येतो. म्हणून पैदाशीस न ठेवायचे नर पशुवैद्यकीय दवाखान्यात लहानपणीच खच्ची करून घ्यावेत.

बाजारात भाव आला की हात शिवशिवतो, हे खरे. पण बियाण्याची जोंधळ्याची कणसे आपण विकत नाही, ती आढ्याला टांगतो. बोकडाचेही तसेच समजावे.