व्हॉल्व्ह बदलला, सूर बदलला?

रीलमधला महागडा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर आणि आजोळच्या माळ्यावरचा बंद रेडिओ यांच्या पोटात एकच वस्तू असते. ती बदलून आवाज खरंच बदलतो का? मालवणच्या खाऱ्या हवेत या प्रश्नाचं उत्तर थोडं वेगळं आहे!

अंधारी खोली, टेबलावर एक अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यावर केशरी उजेडात चमकणाऱ्या काचेच्या चार-पाच नळ्या. मग एक हात येतो, त्यातली एक नळी अलगद उपटतो, तिच्या जागी दुसरी बसवतो आणि मागून आवाज येतो, ‘ऐकलात फरक? काय वॉर्म साउंड आहे!’ असं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. आपण ते मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ऐकतो आणि तरीही मान डोलावतो.

या छंदाला जगभर ‘ट्यूब रोलिंग’ म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवायचा, आतली नळी फक्त बदलायची. कधी त्याच नंबरची पण दुसऱ्या कारखान्यातली, कधी जवळच्या नंबरची. आपल्याकडे या नळीला व्हॉल्व्ह म्हणतात. आणि हे सगळं परदेशी शौकीनांचं खूळ आहे असं वाटत असेल, तर येत्या गणपतीला गावी गेल्यावर माळ्यावर चढून बघा. मुंबईच्या चाकरमान्याने कधीकाळी आणलेला मर्फी नाहीतर फिलिप्सचा लाकडी रेडिओ तिथे अजून धूळ खात पडलेला असू शकतो. ‘त्या डबड्याक हात कित्याक लावतस?’ असा आवाज खालून येईलच. तरी मागचं पुठ्ठ्याचं झाकण निरखून बघा. आत त्याच नळ्या आहेत.

झडप नावाची काच

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. १९०४ मध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग याने पहिला व्हॉल्व्ह बनवला, तो वीज एकाच दिशेने जाऊ द्यायचा. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तारेची एक जाळी बसवली आणि गंमत सुरू झाली.

माडाच्या बागेत शिंपण करताना बघितलंय ना? पाटातून भरपूर पाणी येत असतं. तोंडाशी ठेवलेली एक छोटी फळी तुम्ही नुसती वर-खाली केलीत की एवढा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. तापलेल्या कॅथोडमधून ते निघतात, निर्वात पोकळीतून समोरच्या प्लेटकडे धावतात. मधली जाळी ही आपली फळी. गाण्याचा क्षीण सिग्नल त्या जाळीला दिला की तिच्या तालावर मोठा प्रवाह हलतो आणि आवाज मोठा होतो. कॅथोड तापायला वेळ लागतो, म्हणून हे रेडिओ बटण दाबल्यावर लगेच बोलत नसत. ट्यूब उशिरा पेटणं म्हणतात ते इथे अगदी शब्दशः!

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू व्हॉल्व्ह घराघरातून गेला. त्याआधी मात्र सगळं त्याच्यावरच चालत होतं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्राने ते ऐकलं ते व्हॉल्व्हमधूनच. मर्फीचे रेडिओ ठाण्यात बनायचे, तर बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. बीईएलचे जुने व्हॉल्व्ह आज परदेशातले शौकीनही शोधत असतात. म्हणजे आपण ज्याला भंगार म्हणतो, त्यातली एखादी नळी दुसऱ्या कुणासाठी खजिना असते.

नळीवरचा नंबर वाचायला शिका

काचेवर पुसट छापलेला नंबर हा व्हॉल्व्हचा बायोडेटा असतो. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर नळी तापवायला काय लागतं ते सांगतं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘डी’ म्हणजे बॅटरीवर चालणारा, साधारण १.४ व्होल्टचा. ‘यू’ म्हणजे सगळ्या नळ्या माळेसारख्या एकापाठोपाठ जोडलेल्या. नळ्यांवर ‘डी’ दिसला, तर तो रेडिओ वीज नसलेल्या घरासाठी बनलेला होता असं समजा. आजोबांना विचारा, गावात वीज कधी आली? नळीवरच्या एका अक्षरावरून घराचा इतिहास निघू शकतो.

पुढची अक्षरं आतली रचना सांगतात. ‘ईसीसी ८३’ घ्या. ‘ई’ झाला ६.३ व्होल्ट, दोन वेळा ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, आणि आकड्यातला ८ म्हणजे नऊ पिनांचा बूड. यालाच अमेरिकन पद्धतीत १२ एएक्स ७ म्हणतात. आज घरगुती आणि गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही नळी सर्रास दिसते.

तिची दोन भावंडं आहेत, ईसीसी ८१ आणि ईसीसी ८२. तिघांच्या पिनांची मांडणी एकच. पण सिग्नल वाढवायची ताकद बघा: ८३ची साधारण १००, ८१ची ६०, तर ८२ची २०च्या आतबाहेर. म्हणूनच काही गिटारवाले १२ एएक्स ७ काढून कमी ताकदीचा १२ एवाय ७ लावतात, म्हणजे आवाज लवकर फाटत नाही. हा बदल खरा आहे आणि कुणालाही ऐकू येईल असा आहे. पण सॉकेटमध्ये बसतो म्हणून कुठलाही व्हॉल्व्ह चालतो असं नाही. ईसीसी ८८ सुद्धा नऊ पिनांचाच, पण त्याच्या हीटरच्या पिनांची जोडणी वेगळी. तो ८३च्या जागी लावायचा नाही.

तो ‘वॉर्म’पणा येतो कुठून?

गाणं शिकणाऱ्यांना हे पटकन कळेल. तंबोऱ्याची तार छेडली की एकच सूर वाजत नाही. समजा षड्ज २४० हर्ट्झचा आहे. त्याची दुप्पट ४८०, म्हणजे तार सप्तकातला सा. तिप्पट ७२०, म्हणजे त्याच सप्तकातला पंचम. हे उपस्वर मूळ सुरात मिसळतात. जवारीचा दोरा सरकवून आपण त्यांचंच प्रमाण बदलतो आणि तंबोरा एकदम ‘बोलायला’ लागतो.

व्हॉल्व्ह सिग्नल मोठा करताना त्यात थोडे उपस्वर स्वतःचे मिसळतो. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये त्यात दुपटीचा उपस्वर जास्त असतो. तो मूळ सुराचाच वरचा सा असल्यामुळे कानाला खुपत नाही, उलट सूर भरल्यासारखा वाटतो. काटेकोर भाषेत हा दोष आहे. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. पण गोड दोष!

आता मेख अशी, की हे उपस्वर किती येणार हे नळीच्या ब्रँडपेक्षा सर्किटवर जास्त ठरतं. दोन पॉवर व्हॉल्व्ह पुश-पुल पद्धतीने जोडले की दुपटीचे उपस्वर एकमेकांना बरेचसे खोडून टाकतात. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे, स्पीकर आहे, तुमची खोली आहे. एकाच नंबरच्या, चांगल्या अवस्थेतल्या दोन कंपन्यांच्या नळ्यांमधला फरक या सगळ्यांपुढे लहान असतो. नसतो असं नाही, लहान असतो.

मग रीलवाल्याला फरक कसा ऐकू आला?

इथे किनारपट्टीवाल्यांनी कान टवकारावेत. आपल्या हवेत मीठ आहे आणि चार महिने भिंतीला ओल असते. दाराच्या कड्या गंजतात, तर व्हॉल्व्हच्या बारीक पिना आणि सॉकेटच्या पात्या कशा वाचतील? त्यांच्यावर मळकट थर बसतो, संपर्क अर्धवट होतो, आवाज खरखरतो किंवा बारीक होतो. अशा वेळी नळी उपटून दुसरी बसवली की पिना सॉकेटमध्ये घासल्या जातात, थर निघतो आणि आवाज सुधारतो. श्रेय मिळतं नव्या नळीला! म्हणून पहिला प्रयोग फुकटचा करा: तोच जुना व्हॉल्व्ह काढा, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, तोच परत बसवा. फरक पडला तर पैसे वाचले.

दुसरं कारण म्हणजे वय. व्हॉल्व्ह वापराने झिजतो. थकलेल्या नळीच्या जागी चांगली लावली की आवाज खुलणारच, मग ती कुठल्याही ब्रँडची असो. तिसरं कारण म्हणजे आपला कान. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज आपल्याला ‘जास्त चांगला’ वाटतो. नव्या नळीने आवाज जरासा वाढला तरी आपण त्याला डिटेल, डेप्थ, वॉर्म्थ अशी भारी भारी नावं देऊन मोकळे होतो. आणि चौथं कारण खिशातलं. एखाद्या गोष्टीवर हजारो रुपये घातले की ती चांगली वाटावीच लागते.

यावर उपाय आहे, आणि तो हॉस्टेलच्या खोलीतही करता येतो. नळी बदलायचं काम मित्राला द्या, तुम्ही पाठ करून बसा. दर वेळी नळी खरंच बदलायची की तीच काढून परत लावायची, हे त्याने नाणं उडवून ठरवायचं. एकच टोन लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायचं आणि दोन्ही नळ्यांना आवाज सारखा करून घ्यायचा. मग एकच मिनिटाचा तुकडा. दशावताराचं चांगलं रेकॉर्डिंग असेल तर झकास: पखवाजाचा धुमारा, पायपेटीचा मधला सूर, झांजेची धार, तिन्ही एकत्र मिळतात. दहा वेळा ओळखा, कागदावर लिहा. पाच बरोबर आले तर तो नुसता छापा-काटा. दहापैकी नऊ किंवा जास्त निव्वळ नशिबाने बरोबर यायची शक्यता साधारण १ टक्का. तेवढं जमलं तर छाती पुढे काढून सांगा, मला फरक कळतो! थंड होणं आणि पुन्हा तापणं यात मिनिटं जातात आणि तेवढ्यात आधीचा आवाज आठवणीतून निसटतो, म्हणून ही परीक्षा वाटते त्याहून कठीण आहे. घाई करू नका, दोन-तीन दिवस लागले तरी चालतील.

हे सगळं वाचून छंद बाद झाला असं समजू नका. आज व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच उरलेत, मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात. २०२२ मध्ये युद्धानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरचे गिटारवाले चांगलेच धास्तावले होते. अशा वेळी महागडी ‘दुर्मीळ’ नळी विकत घेण्याआधी स्वतःच्या कानाची परीक्षा घेतलेली बरी. आपल्या पॉकेटमनीचा प्रश्न आहे.

माळ्यावरचा रेडिओ बोलता होईल?

होऊ शकतो. बऱ्याच जुन्या रेडिओंच्या मागे ‘पीयू’ लिहिलेली किंवा तबकडीचं चित्र असलेली दोन भोकं असतात. ग्रामोफोनचा पिकअप जोडायची ही सोय. योग्य जोडणी करून घेतली तर तिथून फोनमधलं गाणंही वाजतं, आणि तुमच्याकडे फुकटात घरचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर तयार होतो. काही मॉडेलमध्ये स्टेशन लागलं की मिटत जाणारा हिरवा ‘मॅजिक आय’ असतो, तो कुठल्याही रीलपेक्षा देखणा दिसतो.

पण वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ थेट प्लगला लावू नका. आतले जुने कपॅसिटर वीज झिरपू देतात. त्याने पॉवर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. आधी जाणकार मेकॅनिक गाठा. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या बाजारपेठेत चौकशी करा, व्हॉल्व्हच्या काळात काम शिकलेलं कुणीतरी अजून असू शकतं. ही माणसं आता वयस्क झाली आहेत आणि त्यांच्या हातातली विद्या कुठल्या सिलॅबसमध्ये नाही. रेडिओ घेऊन जा, तो उघडताना शेजारी बसा, विचारा, परवानगी घेऊन शूट करा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना प्रोजेक्ट मिळेल, मास कॉमवाल्यांना डॉक्युमेंटरी. रेडिओ वाजला नाही तरी ते रेकॉर्डिंग उरेल.

हात लावण्यापूर्वी

● व्हॉल्व्ह सेटच्या आत २५० व्होल्ट आणि त्याहून जास्त वीज असते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. चॅसीच्या आत स्वतः हात घालू नका.

● नळ्यांवर ‘यू’ अक्षर असेल तर मेन्सची वायर थेट चॅसीला जोडलेली असू शकते. अशा सेटला फोन कधीच जोडू नका. ‘ई’ असला तरी आत वेगळा मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.

● नळी बदलण्याआधी सेट बंद करा, प्लग काढा, काच पूर्ण थंड होऊ द्या. नळी सरळ वर ओढा, पिळू नका. नऊ पिनांच्या नळीत एका जागी मोकळी फट असते, ती जुळवूनच बसवा.

● नळीच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. ती नळी गेली.

● पॉवर व्हॉल्व्ह जोडीने असतील तर जोडीनेच बदला आणि बायस तपासून घ्या.

● स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.