रोमिंगचा निर्णय फोनच घेतो

कार्यालयात एकाऐवजी तीन-चार वायफाय राउटर लावले की कुठेही फिरताना नेट तुटणार नाही, असा सर्वसाधारण समज असतो. नेट तुटतेच, फक्त तुटण्याची जागा बदलते. एक राउटर सोडून दुसऱ्याला कधी जोडायचे हे राउटर ठरवत नाही. फोन किंवा लॅपटॉप ठरवतो. मोबाइल टॉवरचा व्यवहार याच्या उलट असतो. तिथे चालू कॉल कोणत्या टॉवरकडे सोपवायचा ते नेटवर्क सांगते आणि फोन ऐकतो. वायफायची यंत्रणा बसवणाऱ्याच्या हाती एवढेच असते, की फोनला वेळेवर जागा बदलावीशी वाटेल अशी मांडणी करणे.

फोन आपण होऊन सहसा हलत नाही. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि ती उणे आकड्यांत येते; उणे ५० उत्तम, उणे ८० जेमतेम. ॲपलच्या तांत्रिक माहितीनुसार आयफोन सिग्नल उणे ७० पर्यंत घसरेपर्यंत दुसरा राउटर शोधायलाच लागत नाही, मॅक उणे ७५ पर्यंत थांबतो. शोधल्यावरही, डेटाची ये-जा चालू असेल तर नवा सिग्नल जुन्यापेक्षा किमान ८ डीबीने सरस असल्याशिवाय आयफोन हलत नाही. अँड्रॉइड फोनांचे नियम कंपनीगणिक वेगळे. परिणामी डोक्यावर राउटर असतानाही पहिल्या मजल्यावरचा माणूस तळमजल्याच्या राउटरला एका काडीवर धरून बसतो. नेटवर्कवाल्यांच्या भाषेत हा ‘स्टिकी क्लायंट’.

मांडणीचा पाया म्हणजे सगळे राउटर मिळून एकच नेटवर्क दिसले पाहिजे. वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळ्या राउटरांवर तंतोतंत तेच हवेत. आयपी पत्ते वाटण्याचे काम मात्र एकाच राउटरने करायचे. बाकीचे ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचे. ही सोय नसलेल्या जुन्या राउटरमध्ये डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करून, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून, मुख्य राउटरकडून आलेली केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावली की तेच साधते. घाईत नेमकी इथेच चूक होते. केबल वॅनमध्ये गेली की दुसरा राउटर आपले वेगळे नेटवर्क थाटतो. नेट चालते, त्यामुळे कोणाला काही कळत नाही. पण जिना चढताच फोनचा आयपी पत्ता बदलतो आणि चालू कॉल पडतो, शिवाय खालच्या लोकांना वरचा प्रिंटर सापडत नाही.

राउटर एकमेकांना केबलनेच जोडावेत. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेश संचांत दुव्यासाठी वेगळा रेडिओ असेल तर भागते, तरी केबलची सर येत नाही. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि पीओई स्विच घेतला तर त्याच केबलमधून वीजही जाते. फॉल्स सीलिंगवर प्लग शोधावा लागत नाही. जागा निवडताना स्लॅब, लिफ्टचा डक्ट आणि लोखंडी कपाटांची रांग आधी पाहावी. सगळ्या मजल्यांवर राउटर एकाखाली एक लावण्यापेक्षा थोडे सरकवून लावलेले बरे.

खरे काम यापुढे सुरू होते, आणि ते बहुतांशी कमी करण्याचे आहे. राउटर बहुधा कमाल ताकदीवर ठेवलेले येतात. फोनचा रेडिओ त्यापेक्षा दुबळा असतो, त्यामुळे राउटरचे फोनला ऐकू येते, पण फोनचे राउटरपर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर काड्या दिसतात आणि पान उघडत नाही. वर, इतका दूरवर ऐकू येणारा राउटर फोनने सोडावाच का? म्हणून ताकद उतरवायची. २.४ गिगाहर्ट्‌झची लाट ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा भिंतीतून जास्त पार जाते, तेव्हा तिची ताकद सुमारे ६ डीबीने, म्हणजे एक चतुर्थांशावर, खाली ठेवतात. दोन राउटरच्या सीमेवर दोन्हींचा सिग्नल उणे ६७ च्या आसपास मिळाला तर आवाजी कॉलला तो पुरतो.

चॅनलांचेही तसेच. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे. चौथ्या राउटरसाठी ३ किंवा ९ निवडणे म्हणजे दोन शेजाऱ्यांना त्रास. तिथे चौथ्याचा २.४ रेडिओ सरळ बंद करावा. ५ गिगाहर्ट्‌झमधल्या काही चॅनलांवर रडारला प्राधान्य असते, म्हणून राउटरला सुरू होण्याआधी मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो आणि फोनही तिथे शोधायला वेळ लावतात. ते चॅनल टाळून ८० मेगाहर्ट्‌झची रुंदी ठेवली तर ३६ आणि १४९ पासूनचे दोनच गट उरतात. ४० ठेवली तर चार मिळतात. वेगाच्या जाहिरातीतला आकडा घटतो, पण राउटर एकमेकांच्या बोलण्यात बोलत नाहीत. १ आणि २ एमबीपीएससारखे जुने मंद वेग बंद केल्यास लांबून रेंगाळणारे फोनही लवकर सुटतात.

यानंतर येतात ८०२.११के, व्ही आणि आर ही रोमिंगला मदत करणारी मानके. के शेजारच्या राउटरांची यादी फोनला देते, व्ही ‘तिकडे जा’ असे सुचवते; सूचना मानायची की नाही हे पुन्हा फोनवरच. २००८ साली मंजूर झालेले आर ओळख पटवण्याचा वेळ वाचवते. प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे लॉगिन असलेल्या मोठ्या कार्यालयात त्याचा लाभ मोठा आहे. सामायिक पासवर्डवर चालणाऱ्या छोट्या कार्यालयात तो थोडाच असतो, आणि काही जुने प्रिंटर आर चालू केल्यावर जोडलेच जात नाहीत. के आणि व्ही चालू ठेवावेत; आर तपासून मगच.

तपासणी चालत करायची. लॅपटॉपवर मुख्य राउटरला सतत पिंग लावून तो उघडा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला संथ जायचे. दर सेकंदाला एक ओळ सरकते: ३ मिलिसेकंद, ४, ३. जिन्याच्या वळणावर आकडा ९० वर उडतो किंवा एक ओळ रिकामी जाते, आणि पुन्हा ३. सोबत लॅपटॉपवरच वायफाय ॲनलायझर असेल तर जोडलेल्या रेडिओचा पत्ता त्याच क्षणी बदललेला दिसतो. एखादी ओळ गेली तर बोलणाऱ्याला बहुधा कळतही नाही. सलग चार-पाच गेल्या तर त्या टप्प्यात पोकळी आहे, किंवा लॅपटॉप मागच्या राउटरला चिकटला आहे. सिग्नलचा आकडा दोन्हींतला फरक सांगतो: पोकळीत दोन्ही राउटर क्षीण, चिकटपणात पुढचा जोरदार. पहिल्यावर उपाय राउटर सरकवण्याचा, दुसऱ्यावर मागच्याची ताकद आणखी उतरवण्याचा. ही फेरी रविवारी रिकाम्या कार्यालयात मारून भागत नाही, कारण माणसांची शरीरेही सिग्नल शोषतात. सगळी टेबले भरलेली असताना ती पुन्हा मारून ताकदीचे आकडे कायम करावेत आणि राउटरनिहाय चॅनल व ताकद लिहिलेला कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवावा.