खिशातला आकांत

माझ्या मराठीच्या सरांना आम्ही मूठमाती दिली, त्या दुपारची गोष्ट. सर ऐंशी पार करून गेले. माझी पहिली कविता त्यांनी लाल शाईने दुरुस्त केली होती आणि खाली लिहिले होते, 'शब्द कमी कर.' मिरजेच्या कब्रस्तानात त्या दिवशी गर्दी होती, पण आवाज नव्हता. माझी पाळी आली. मी कबरीच्या उशाला उकिडवा बसलो, पहिली मूठ टाकली, दुसरी उचलली आणि भिंतीपलीकडे एक गाडी बोंबलायला लागली. पोलिसांच्या गाडीसारखा आवाज, मग रुग्णवाहिकेसारखा, मग कुठल्या तरी पाखरासारखा.

सगळ्यांचे हात आपापल्या मोबाईलकडे गेले. माझा गेला नाही. माझा मोबाईल बंद होता आणि कुणाची तरी गाडी ओरडते आहे, एवढेच मला वाटले. शेजारी उभ्या असलेल्या भाच्याने हळूच खांद्याला हात लावला. "मामू, तुमची गाडी." कुर्त्याच्या बाजूच्या खिशात किल्ली होती. मी बसल्यावर ती मांडी आणि पोट यांच्यामध्ये दाबली गेली होती. हातात माती, तिसरी मूठ अजून टाकायची आणि खिशात हात घालता येत नाही. भाच्यानेच किल्ली काढून आवाज बंद केला. नंतर मला कुणी काही बोलले नाही. तेच जास्त लागले.

गाडी मी जुनी घेतली आहे. आधीच्या मालकाने चोरीच्या भीतीने बाहेरून अलार्म बसवून घेतला होता. त्याच्या रिमोटवर चार बटणे. एकावर बंद कुलूप, एकावर उघडे कुलूप, एकावर भोंगा आणि चौथे कशासाठी आहे ते मी दोन वर्षांत विचारले नव्हते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. किल्ली म्हणजे फिरवायची वस्तू, एवढेच माझे ज्ञान. पण त्या दिवसानंतर मी किल्ली घेऊन स्टेशनच्या रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेलो आणि त्याला म्हणालो, ही मला उघडून दाखव.

त्याने नखाएवढ्या पेचकसाने रिमोटची दोन टरफले वेगळी केली. आत एक चपटा गोल सेल. बहुतेक नव्या किल्ल्यांत असतो तो सीआर२०३२ या नावाचा, तीन व्होल्टचा. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. एक हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप आणि बटणांच्या खाली छोट्या छोट्या टिकल्या. बाहेरचे रबर दाबले की आतली टिकली 'टिक' करून खाली बसते. चिप जागी होते आणि रेडिओलहरींवर एक सांकेतिक निरोप सोडते. भारतात आणि युरोपात या लहरी बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या असतात, अमेरिकेत बहुधा ३१५ च्या. म्हणजे मी बोलतो ते आकाशवाणीवर आणि माझी किल्लीही तेच करते, फक्त तिचा श्रोता एकच.

हा निरोप दर वेळी वेगळा असतो, हे मला फार आवडले. तोच तो निरोप असता, तर चोराने तो एकदा टिपून पुन्हा वाजवला असता. म्हणून किल्ली आणि गाडी दोघींकडे एक चालता आकडा असतो. बटण दाबले की किल्लीचा आकडा पुढे सरकतो आणि गाडी पुढचे काही आकडे मान्य करते. पण खिशात, गाडीपासून लांब, बटण उगीचच दाबले जात राहिले तर किल्ली पुढे निघून जाते आणि गाडी मागे राहते. मग एके दिवशी दार उघडत नाही आणि आपण सेलला दोष देतो. दोघींची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. किल्लीवाल्याच्या भाषेत, "मॅचिंग करावं लागतं."

दुरून कुलूप उघडणारी किल्ली मोटारीत पहिल्यांदा आली १९८२ साली, फ्रान्समधल्या रेनॉ कंपनीच्या फुएगो या गाडीत. ती टीव्हीच्या रिमोटसारखी अवरक्त किरणांवर चालायची. शोधणाऱ्याचे नाव पॉल लिपशुट्झ, म्हणून फ्रेंच लोक आजही अशा रिमोटला 'प्लिप' म्हणतात. कुलूप लावणे आणि काढणे, दोनच कामे. लाल बटण नंतर आले आणि ते रुजले मुख्यतः अमेरिकेत. तिथे मोठाली दुकाने आणि त्यांच्यापुढे मैदानाएवढे वाहनतळ. रात्री एकटीदुकटी बाई गाडीकडे चालत निघाली आणि कुणी अंगावर आले, तर बटण दाबावे, हॉर्न वाजेल, दिवे लागतील-विझतील, लोक बघतील. अमेरिकेतल्या किल्लीवर हे बटण जवळपास ठरलेलेच असते. युरोपात त्याच गाडीच्या किल्लीवर ते बहुतेक वेळा नसतेच. आपल्याकडे काही गाड्यांना कंपनीचेच असते, काहींना माझ्यासारखे बाहेरून बसवलेले. इंग्रजीत त्याला पॅनिक बटण म्हणतात. मराठीत काय म्हणावे यावर मी एक संध्याकाळ घालवली. 'आकांत' हा शब्द मला पटला. आकांताचे बटण.

आता या बटणाची अडचण बघा. घाबरलेल्या माणसाला ते अंधारात, न बघता, थरथरत्या बोटाने सापडले पाहिजे. म्हणजे ते मोठे हवे, वर आलेले हवे, हलके हवे. आणि न घाबरलेल्या माणसाकडून ते चुकून दाबले जाता कामा नये. म्हणजे ते लहान हवे, खोलात हवे, जड हवे. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि एकमेकींच्या उरावर बसलेल्या आहेत.

आपल्या रेल्वेची साखळी आठवा. ती वर असते, लाल असते, डब्यातल्या कुणालाही दिसते. पण ओढायची तर उठून हात वर करून जोर लावावा लागतो. झोपेत कूस बदलताना कुणी गाडी थांबवली असे होत नाही. विनाकारण ओढलीच तर रेल्वे कायदा, १९८९ मधले कलम १४१ आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जागा, जोर आणि धाक, तिन्ही तिच्या बाजूने आहेत. किल्लीला यातले काहीच नाही. ती अंगावरच राहते. आपण बसतो, वाकतो, जिना चढतो, लेकराला कडेवर घेतो, ते सगळे तिच्यावरून जाते.

म्हणून किल्ली घडवणाऱ्यांनी काही युक्त्या केल्या. बटणाभोवती कड उभी केली, म्हणजे सपाट वस्तू दाबली तरी बटणाला लागणार नाही. ते कुलपाच्या बटणापासून दूर नेले. सगळ्यात जास्त चालली ती युक्ती वेळेची: बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले तरच हॉर्न वाजेल. ओझरता स्पर्श झाला तर काही नाही. ऐकायला शहाणपणाची वाटते. पण खिशातला दाब ओझरता नसतोच. माणूस बसला की बसला. मांडीखाली सापडलेली किल्ली दोन सेकंद नव्हे, दोन तास दाबलेली राहू शकते. उलट घाबरलेला माणूस बटण दाबून धरत नाही, तो पटापट मारत सुटतो. म्हणजे ज्याला अडवायचे तो सुटतो आणि ज्याला मदत करायची तो अडतो. माझ्या अडाणी मताने, दोनदा चटचट दाबण्याची पद्धत यापेक्षा बरी. काही कंपन्या ती वापरतातही. मांडीला चटचट दोनदा दाबणे सहसा जमत नाही आणि घाबरलेले बोट ते आपोआपच करते.

आपल्या सरकारलाही मोबाईलच्या बाबतीत हा प्रश्न सोडवावा लागला होता. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये पॅनिक बटणाची सोय हवी, असा नियम २०१६ मध्ये झाला. त्यात साध्या फोनसाठी ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरणे आणि स्मार्टफोनसाठी चालू-बंदचे बटण लागोपाठ तीनदा दाबणे, असे ठरले. म्हणजे दोन्ही युक्त्या एकाच नियमात. तरीही चुका होतातच. ब्रिटनमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात पोलिसांना जाहीर सांगावे लागले की, काही स्मार्टफोनवर बाजूचे बटण पाचदा दाबले जाऊन आपत्कालीन क्रमांकाला आपोआप फोन येत आहेत आणि खऱ्या फोनची वाट अडते आहे.

वाट अडते, हे मला नंतर कळले, ते आमच्याच गल्लीत.

आमच्या समोरच्या घरात एक काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. त्याची गाडी इथेच दारात असते. त्याने आईला सांगून ठेवले होते की, रात्री काही झाले तर मोबाईल शोधत बसू नकोस, गाडीची किल्ली उशाशी ठेव, भोंग्याचे बटण दाब, लोक येतील. काकूंनी मला विचारलेही होते, "अहो, माझा हॉर्न वाजला तर तुम्ही याल ना?" मी म्हणालो, येणार म्हणजे काय! पण तोवर माझ्या गाडीने गल्लीला तीन वेळा उठवले होते. एकदा पहाटे नमाजला निघताना, एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री अकराला, मी सोफ्यावर बसल्या बसल्या. मिरज हे दवाखान्यांचे गाव. आमच्या गल्लीच्या टोकालाच एक आहे, म्हणजे शांतता क्षेत्र. शिवाय रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न वाजवायला नियमाने मनाई आहे, सार्वजनिक आणीबाणी सोडून. पहिल्या वेळी चार खिडक्या उघडल्या होत्या. तिसऱ्या वेळी एकही नाही.

मग एका रात्री दोनच्या सुमारास हॉर्न वाजायला लागला. बायको म्हणाली, "उठा, तुमचीच असेल." मी उठलो, चष्मा शोधला, मग किल्ली शोधली. खुंटीवरच्या सदऱ्यात होती. बटण दाबले. हॉर्न थांबला नाही. पुन्हा दाबले, तर माझीही गाडी ओरडायला लागली. आता दोन हॉर्न. माझा बंद केला. मग दुसराही आपोआप थांबला, कारण बहुतेक गाड्यांत तो ठरावीक वेळ वाजून गप्प होतो. बायको म्हणाली, "झालं, झोपा." मी दिवा मालवायला गेलो आणि तो पुन्हा सुरू झाला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की हा आवाज साधा आहे, यात पाखरू नाही.

काकूंना दम लागला होता. बोलता येत नव्हते, पण अंगठा बटणावर होता. भाच्याला उठवून आम्ही त्यांना टोकाच्या दवाखान्यात नेले. चार दिवसांत त्या घरी आल्या. डॉक्टर उशिराबद्दल काही बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. पण पहिल्या हॉर्नपासून त्यांच्या दारापर्यंत पोचायला मला किती वेळ लागला हे मला ठाऊक आहे. एरवी ते अंतर वीस पावलांचे आहे. गल्लीतली बाकीची माणसे सकाळी म्हणाली, आम्हाला वाटलं तुमचीच गाडी.

त्यानंतर मी किल्लीवाल्याकडे पुन्हा गेलो. तो म्हणाला, "चाचा, किल्ली बरी आहे तुमची. खिसा बदला." त्याने सांगितलेल्या गोष्टी तुमच्याही कामाच्या आहेत. गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडून बघा, तुमचे बटण धरायचे आहे की दोनदा दाबायचे. हॉर्न चुकून लागलाच, तर गाडीकडे धावू नका. बहुतेक गाड्यांत कुठलेही बटण पुन्हा दाबले किंवा गाडी सुरू केली की तो थांबतो. काही गाड्यांत आणि बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्ममध्ये ही सोय बंदही करून मिळते. किल्लीच्या जुडग्यात घराच्या, कपाटाच्या जाड किल्ल्या अडकवू नका. त्याच खिशात बटण दाबतात. आणि कुणी काकूंसारखी किल्ली उशाशी ठेवत असेल, तर एकदा दिवसा, शेजाऱ्यांना सांगून, खाटेवरून दाबून बघा. मधल्या भिंती लहरी खातात. मोकळ्यावर लांबून चालणारी किल्ली आतल्या खोलीतून मुकी होऊ शकते. सेल जुना असेल तर आणखीच.

काकूंच्या मुलाने नवा सेल घातला आहे. मी माझी भोंग्याची सोय बंद करून घेणार होतो, पण बायको म्हणाली, "राहू द्या, मला लागेल कधी." मग आम्ही मधला मार्ग काढला. माझ्या जुन्या चष्म्याची एक टणक डबी होती, झाकणाची. किल्ली आता तिच्यात असते. गेल्या महिन्यात एका मित्राच्या आईला माती द्यायला गेलो होतो. कबरीशी बसण्याआधी डबी भाच्याच्या हातात दिली. त्याने ती कानाशी नेऊन हलवून बघितली.