किंमत कोण मोजतं?

डार्क फँटसी आणि प्रेमकथा हे दोन प्रकार गेल्या दहा वर्षांत इंग्रजी कादंबरीत इतके मिसळून गेले आहेत की त्यांना 'रोमँटसी' असं जोडनाव मिळालं आणि पुस्तकांच्या दुकानांत स्वतंत्र कप्पाही. महाराष्ट्रातल्या शहरांतही कॉलेजातली मुलंमुली ही जाडजूड पुस्तकं मन लावून वाचताना दिसतात. त्यांच्याविषयी जाणकारांच्या तोंडून दोन ठरावीक मतं ऐकू येतात. कथेत रक्त, विश्वासघात आणि मरण असेल तर ती गंभीर. प्रेम असेल आणि शेवट गोड असेल तर ती उथळ. मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात. या कादंबऱ्यांचा कस त्यांच्यातल्या अंधारावरूनही लागत नाही आणि शेवटावरूनही लागत नाही. कथेत कुणाला जादू मिळते, कुणाला सत्ता, कुणाला प्रेम. त्याची किंमत कोण मोजतं, आणि लेखक ती शेवटपर्यंत वसूल करतो की मध्येच माफ करून टाकतो, हे बघावं. चांगली आणि सुमार कादंबरी तिथे वेगळी होते.

नाओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) घ्या. नोविकच्या घराण्याची मुळं लिथुआनियातल्या ज्यू समाजात आणि पोलंडमध्ये आहेत, आणि कादंबरीतला लिथ्वास हा काल्पनिक देशही त्याच बर्फाळ पट्ट्यातला वाटतो. मिर्येम ही तिथल्या एका ज्यू सावकाराची मुलगी. बाप इतका भिडस्त की दिलेले पैसे परत मागायला त्याची जीभ रेटत नाही. गाव त्याच्या पैशावर सुखात, आणि त्याच्याच घरात चूल थंड, बायको आजारी. शेवटी मुलगीच कंबर कसून दारोदार वसुलीला निघते. एका दारुड्या शेतकऱ्याकडे द्यायला काहीच नसतं, म्हणून त्याची मुलगी वांडा कर्ज फेडायला मिर्येमच्या घरी राबायला येते. नोविकची नजर किती बारीक आहे ते इथे कळतं. वांडाच्या बापाला जी भरपाई वाटते ती वांडाला सुटका वाटते, कारण या घरी पोटाला अन्न मिळतं आणि तेवढा वेळ बापाचा मार चुकतो. कर्ज फिटूच नये असं तिला वाटतं. एका कर्जाचा अर्थ तीन माणसांसाठी तीन प्रकारचा आहे, हे लेखिका कुठेही भाष्य न करता दाखवते.

पुढे मिर्येम आपण चांदीचं सोनं करतो अशी बढाई मारते आणि ती नेमकी हिमलोकीच्या राजाच्या कानावर जाते. स्टारिक नावाच्या त्या लोकांच्या जगात उपकार ही गोष्टच नाही. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची परतफेड व्हायलाच हवी. राजा चांदी आणून देतो, ती सोनाराकडून दागिने घडवून घेते, ते विकून सोनं करते, आणि बक्षीस म्हणून तिच्या इच्छेविरुद्ध राणी होऊन बसते. मग ती त्याच्याच नियमाने त्याला बांधते. पतीच्या हक्काच्या बदल्यात रोज रात्री प्रश्नांची खरी उत्तरं मागून घेते. या दोघांत प्रेम उगवतं ते दिसण्यावरून नाही. दिलेला शब्द पाळणाऱ्या दोन हट्टी माणसांना एकमेकांविषयी हळूहळू आदर वाटू लागतो म्हणून. दरम्यान तिने राजाला एका अग्निराक्षसाच्या तोंडी देण्याचा कट केलेला असतो. राजाबरोबर त्याची सगळी प्रजा मरेल, त्यात तिने स्वतः नाव ठेवलेली एक लहान मुलगीही असेल, हे कळल्यावर तिला तो कट उलटवावा लागतो. शेवट गोड आहे, पण फुकट मिळालेला नाही. ज्याने तिला न विचारता नेलं त्यालाच तिच्या घरच्यांसमोर येऊन तिची रीतसर मनधरणी करावी लागते आणि ज्यू रिवाजाप्रमाणे लग्नाच्या करारावर स्वतःचं नाव लिहावं लागतं. युरोपातल्या लोककथांत ज्यू सावकार हा पिढ्यानपिढ्या खलनायक होता. त्याच्या मुलीच्या हाती कथा देऊन नोविक विचारते की घेतलेलं बुडवणारं गाव मग कोण?

आता अगदी दुसरं टोक. आर. एफ. क्वांग ही ग्वांगझूत जन्मलेली आणि लहानपणीच अमेरिकेत आलेली लेखिका. 'द पॉपी वॉर' (२०१८) ही तिची पहिली कादंबरी. रिन ही युद्धात अनाथ झालेली खेड्यातली मुलगी. लष्करी विद्यालयाच्या परीक्षेचा अभ्यास करताना झोप येऊ नये म्हणून ती हातावर मेणबत्तीचं गरम मेण पाडून घेते. पुढे शिक्षणात अडथळा नको म्हणून औषध घेऊन स्वतःची गर्भधारणेची शक्तीच संपवते. देवाची आग अंगात घेण्याच्या कितीतरी आधी तिने स्वतःच्या शरीरातून किंमत मोजायला सुरुवात केलेली असते, आणि वाचक तिच्या जिद्दीवर खूश असतो. मग गोलिन नीस शहराचं प्रकरण येतं. १९३७ साली जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीवर ते बेतलेलं आहे आणि वाचवत नाही. त्या पानांनंतर वाचकाला सूड हवा असतो. क्वांग तो देते, पुरेपूर देते. रिन शत्रूचं अख्खं बेट जाळून टाकते, त्यात सैनिकांबरोबर लहान मुलंही जातात, आणि ती स्वतःला समजावते की ती माणसं नव्हतीच. ज्या वाचकाने काही प्रकरणांपूर्वी मनातल्या मनात हेच मागितलं होतं, त्याला आता त्या मागणीकडे पाहावं लागतं. या अंधाराला अर्थ आहे, कारण त्याचा हिशेब वाचकालाही लागू होतो.

अंधार नुसता असला की काय होतं ते रिबेका यारॉसच्या 'फोर्थ विंग' (२०२३) मध्ये दिसतं. ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या सैनिकांचं हे विद्यालय. पहिल्याच दिवशी अरुंद कठड्यावरून चालताना मुलं खाली कोसळतात आणि रोज सकाळी मेलेल्यांची यादी वाचली जाते. कल्पना जबरदस्त आहे. पण यादीतली बहुतेक नावं आपण त्या यादीतच पहिल्यांदा ऐकतो, त्यामुळे आकडा वाढत जातो आणि भार वाढत नाही. शेवटाकडचा एक मृत्यू मात्र लागतो, कारण त्या मुलाला आपण दोनशे-तीनशे पानं ओळखत असतो. नायिका व्हायोलेटची ठिसूळ हाडं आणि सहज निखळणारे सांधे हा भाग खरा उतरला आहे. तिथे प्रत्येक डावपेचाची किंमत शरीर मोजतं. बाकीचं रक्त मला सजावट वाटलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. प्रेमकथेचा शेवट आधीच ठाऊक असतो, मग तिथे पणाला काय लागतं? पामेला रेगिस या अभ्यासिकेने २००३ साली प्रेमकादंबरीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. प्रेमकादंबरीचे जे आठ आवश्यक घटक तिने सांगितले त्यांत एक आहे तो प्रतीकात्मक मृत्यूचा क्षण, जेव्हा दोघांचं मिलन कायमचं अशक्य झाल्यासारखं वाटतं. म्हणजे अंधार प्रेमकथेच्या सांगाड्यातच आहे. शिवाय शेवट ठाऊक असला म्हणजे किंमत ठाऊक असते असं नाही. जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन' मध्ये अ‍ॅन इलियटला वेंटवर्थ परत मिळतो, पण मधली आठ वर्षं मिळत नाहीत, आणि ऑस्टिन ती परत मिळाल्याचा आव आणत नाही. उलट ज्या डार्क फँटसीत कुणीच वाचणार नाही हे दहाव्या पानावर कळतं, तिचा शेवटही तितकाच ठरलेला असतो. त्याला धाडस म्हणायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. या कथांतले नायक अनेकदा नायिकेला पळवतात, कोंडतात, तिच्यावर हक्क गाजवतात, आणि लेखिका त्याला उत्कट प्रेम म्हणते. कोवळ्या वयाच्या वाचकांवर याचा परिणाम होत नाही असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. सारा जे. मासच्या मालिकेत या आक्षेपाला दुजोराही मिळतो आणि उत्तरही. पहिल्या भागात (२०१५) नायिका फेअरा जिच्या शोधात असते ती सुरक्षितता तिला टॅमलिनच्या रूपात मिळते. दुसऱ्या भागात (२०१६) तोच टॅमलिन काळजीपोटी तिला घरात कोंडतो, तिचा श्वास घुसमटतो, आणि ज्याला आपण प्रेम समजलो ते काय होतं याची फेरतपासणी लेखिका स्वतः करते. एका लोकप्रिय मालिकेने आपल्याच पहिल्या नायकाला असं उघडं पाडणं ही मोठी गोष्ट आहे. पण तिथेच तिची कसूरही आहे. दुसरा नायक रिसँडने पहिल्या भागात फेअराला नशेचं पेय पाजून दरबारात नाचवलेलं असतं. त्याचं स्पष्टीकरण मिळतं, हेतू चांगला होता असं कळतं, आणि प्रकरण मिटतं. टॅमलिनकडून जी किंमत वसूल केली ती रिसँडला माफ. वाचकाने प्रेमकथा टाकून द्यावी असं याने सिद्ध होत नाही. त्याने दोन्ही नायकांना एकच माप लावावं, एवढं मात्र होतं.

आणि हे सगळं पलायन आहे, वास्तवाशी त्याचा संबंध काय, हा तिसरा आक्षेप. मराठी वाचकाने तरी तो जपून घ्यावा. आपल्या कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांचाच जोर होता. हरिभाऊ आपट्यांनंतर वास्तवाला मान मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण अद्भुताची ताकद संपली नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाती' मध्ये (१९५९) बाप मुलाचं तारुण्य मागून घेतो. हे कुठल्याही घरात शब्दशः घडत नाही, आणि तरी मुलांच्या आयुष्यावर जगणारे बाप आपण त्या कथेमुळेच नीट ओळखतो. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात तेव्हा एकाच्या भोगाची किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. 'स्पिनिंग सिल्व्हर' मध्येही निवेदक अनेक आहेत, आणि कारण तेच आहे.

या वाटेला नव्याने जाणाऱ्याने 'स्पिनिंग सिल्व्हर' पासून सुरुवात करावी. 'द पॉपी वॉर' जरूर वाचावी, पण एकविसाव्या प्रकरणाआधी थांबून आपली तयारी आहे का ते बघावं, आणि शाळकरी मुलांच्या हाती ती देऊ नये. मासची मालिका वाचायला घेतली तर पहिल्या भागावर सोडू नये. दुसऱ्यासकटच तिच्याविषयी मत बनवावं. आणि घरातली मुलगी असलं पुस्तक घेऊन बसली असेल तर ते हिसकावून घेण्याआधी स्वतः वाचून, तिच्याशी त्यावर बोलावं.