तीन पिंपें आणि एक बंद दरवाजा

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथील राष्ट्रीय संग्रहालयांत कार्ल गुस्ताफ हेल्कविस्ट या चित्रकारानें १८८२ सालीं पुरें केलेलें एक भव्य तैलचित्र आहे. त्याची छापील प्रत आम्हीं वर्गांत दाखविली, तेव्हां मुलांनीं प्रश्नांचा नुसता भडिमार केला. म्हणून हा लेख.

साल १३६१. बाल्टिक समुद्रांतील गॉटलंड बेटावरचें व्हिस्बी हें संपन्न व्यापारी शहर. त्याच्या चौकांत डेन्मार्कचा विजयी राजा चौथा वाल्डेमार उच्चासनावर बसला आहे. तीन मोठालीं पिंपें सोन्यारुप्यानें भरून द्या, नाहीं तर शहर लुटूं, ही त्याची आज्ञा; आणि नागरिक घरांतील मौल्यवान वस्तु आणून त्यांत टाकीत आहेत. 'खंडणी' हा शब्द मुलांना इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक असतो. येथें तो डोळ्यांना दिसतो.

आम्हांस प्रथम नागरिकांची फार कींव आली. परंतु चित्रांत जें नाहीं तें वाचनांत आल्यावर ती कींव अडखळली. २७ जुलै रोजीं बेटावरील शेतकरी तटाबाहेर डेन सैन्याशीं लढत होते, तेव्हां शहराचे दरवाजे बंद होते. व्यापारी आणि शेतकरी यांचें सख्य नव्हतेंच. १२८८ सालीं उभयतांत यादवी झाली होती. सुमारें १८०० शेतकरी तटाखालीं पडले. दोनच दिवसांनीं शहर शरण गेलें.

१९०५ सालापासून तेथें उत्खननें झालीं. त्यांत अकराशेंहून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले. कित्येक कोवळ्या मुलांचे, कित्येक वृद्धांचे. कांहींच्या कवटीवर लोखंडी कड्यांची टोपी तशीच होती.

पिंपांची गोष्ट मात्र मागाहून रचलेली दंतकथा असावी. २९ जुलैसच राजानें शहराचे जुने हक्क सनदेनें कायम केले, असें कागद सांगतात. भरभराटलेलें शहर उजाड करण्यापेक्षां आपल्या हातीं ठेवण्यांत त्याचा लाभ अधिक होता.

"मग चित्र खोटें काय, सर?" एका विद्यार्थ्यानें विचारलें. चित्रकार पांचशें वर्षांनंतर जन्मला, त्यानें ऐकलेलें काढिलें, एवढेंच आम्हीं सांगितलें. त्याच्या भीतिग्रस्त माणसांत आम्हांस कांहीं खोटें दिसत नाहीं. न्यून वाटतें तें दुसरेंच. तटाबाहेर, शेतकऱ्यांना पुरलें त्या जागीं, एक दगडी क्रूस उभा आहे. त्यावर लॅटिन भाषेंत तें साल, दरवाजांपुढें डेनांच्या हातून गॉटलंडकर पडल्याची हकीकत आणि त्यांच्यासाठीं प्रार्थनेची विनंति कोरलेली आहे. चौकाच्या चित्रांत त्या शेतकऱ्यांना जागा मिळालेली नाहीं.