समजून घ्या : ‘माझी मर्जी’ कुठपर्यंत? ख्रिस्ती विचार आणि पंडिता रमाबाईंचं उघडं दार

‘माझं खाणं, माझी प्रार्थना, इतरांना काय त्याचं?’ हा वाद सोशल मीडियावर रोज रंगतो. ख्रिस्ती धर्मात तो जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे.

सुरुवात कुठून झाली?

करिंथ या ग्रीक शहरात मूर्तीला वाहिलेलं मांस बाजारात विकलं जाई. ख्रिस्ती माणसाने ते खावं का? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाचं उत्तर असं : खाण्यात पाप नाही. पण आपल्याला पाहून कुणी स्वतःच्या मनाविरुद्ध खाणार असेल, तर त्याच्यासाठी आपण सोडावं. म्हणजे मोकळीक कायम राहते, ती वापरताना समोरच्याचा विचार करायचा.

महाराष्ट्रात हा पेच कुणापुढे आला?

पंडिता रमाबाईंपुढे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवा आणि मुलींसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढे ते पुण्याला हलवलं. तिथे धर्मप्रसार होणार नाही, मुलींना आपले रीतिरिवाज पाळता येतील, असं ठरलं होतं. त्या भरवशावर हिंदू घरांतून मुली आल्या.

मग वाद कशावरून झाला?

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. मी बोलावत नाही, पण आलेल्यांना हाकलणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका. टीकाकारांच्या मते, आश्रय देणाऱ्या बाईंचं उघडं दार हेच आमंत्रण होतं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

पौलाचा नियम इथे का अडतो?

मांस सोडलं तर आपलाच घास जातो. दार बंद केलं असतं, तर पालकांचा विश्वास राखला गेला असता, पण मुलींची निवडही गेली असती. जबाबदारी दोघांची होती.

आज याचा उपयोग काय?

पनवेलच्या एखाद्या सोसायटीत रात्री प्रार्थनासभा आहे, असं समजा. आवाज कमी केल्याने प्रार्थना थांबत नाही, शेजाऱ्याची झोप मात्र होते. तिथे मागे सरकण्यात कमीपणा नाही. पण ‘प्रार्थनाच बंद करा’ ही मागणी वेगळी. तडजोडीआधी एवढंच विचारावं : मी जे सोडतोय ते माझं आहे, की दुसऱ्याचंही?