भीति ओसरल्यानंतर

रोग बरा झाला म्हणजे रोगी मोकळा झाला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हिंवताप गेला, अंगांत शक्ति आली, कीं औषधाची बाटली फडताळांत जाते आणि घरांतील मंडळी आपापल्या उद्योगास लागतात. परंतु कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं, त्यांच्या बाबतींत बरें होणें ही एक गोष्ट आणि बरें राहणें ही दुसरी. आकस्मिक भीतीचा विकार, ज्यास डॉक्टर ‘पॅनिक डिसऑर्डर’ म्हणतात, तो या दुसऱ्या वर्गांतला आहे.

या विकाराचें स्वरूप प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. मनुष्य चांगला धडधाकट असतो. बाजारांत, आगगाडींत, कचेरींत, क्वचित् झोपेंतहि, कांहीं कारण दिसत नसतां एकाएकीं त्याची छाती धडधडूं लागते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, घाम सुटतो. आणि आतां आपण मरणार किंवा आपणांस वेड लागणार, अशी त्याची खात्रीच होते. कांहीं मिनिटांत हा वेग शिगेस पोंचतो व मग ओसरतो. हृदय तपासावें तर तें निर्दोष निघतें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत सैनिकांमध्यें आढळलेलें असेंच दुखणें डा कोस्टा या डॉक्टरानें १८७१ सालीं नोंदून ठेविलें होतें. मात्र या विकारास स्वतंत्र नांव व स्थान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत मिळालें तें १९८० सालीं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं या झटक्याची जी उपपत्ति मांडली, ती समजण्यास सोपी आहे. जिना चढल्यानें, जागरणानें किंवा चिंतेनें छाती थोडी धडधडते. मनुष्य तिचा अर्थ ‘हृदय बंद पडत आहे’ असा लावतो. या अर्थानें भीति वाढते, भीतीनें धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड मूळ अर्थास पुरावा म्हणून उभी राहते. उपचारांत हें चक्र तोडावयाचें असतें. चुकीचा अर्थ तपासून पाहणें आणि टाळलेल्या जागीं पायरीपायरीनें पुन्हां जाणें, हीं त्याचीं दोन मुख्य अंगें होत. पुष्कळांस यानें उत्तम गुण येतो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. डॉक्टरांकडील फेऱ्या संपल्यावर काय?

येथें रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांची आठवण करणें अवश्य आहे. ठराविक आवाजानंतर अन्न मिळतें, हें एकदां शिकलेल्या कुत्र्याच्या तोंडास नुसत्या आवाजानेंहि लाळ सुटे. पुढें अन्नावांचून तोच आवाज वारंवार ऐकविला म्हणजे लाळ बंद होई. पण कांहीं वेळ मध्यें जाऊं देऊन पुन्हां आवाज केला, कीं बंद झालेली लाळ पुन्हां थोडी सुटत असे! जुना धडा पुसला गेला नव्हता. त्यावर नवा धडा बसला होता, इतकेंच. अलीकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या उंदरांवरील प्रयोगांनीं असेंहि दिसून आलें कीं, हा नवा धडा ज्या परिस्थितींत शिकला जातो, तिच्याशींच तो अधिक बांधलेला असतो. जागा बदलली कीं जुनी भीति पुन्हां डोकें वर काढूं शकते. तेव्हां बरें झालेल्या माणसास एखादा झटका पुन्हां आला, तर त्यांत नवल नाहीं. उपचार फुकट गेले, असेंहि नाहीं.

एक उदाहरण कल्पूं. डोंबिवलीच्या एका बाईंनीं उपचार घेऊन लोकलचा प्रवास पुन्हां सुरू केला. आठ महिने सुखांत गेले. एके दिवशीं पावसामुळें गाडी दोन स्टेशनांच्या मध्येंच उभी राहिली आणि डब्यांतील गर्दींत त्यांची छाती पूर्वींसारखी धडधडूं लागली. गाडी सुटली, झटकाहि गेला. पण संध्याकाळीं त्यांच्या मनांत विचार आला, ‘संपलें! सगळें पहिल्यापासून सुरू झालें.’ दुसऱ्या दिवशीं त्यांनीं रजा काढली, तिसऱ्या दिवशीं यजमानांस सोबत घेतलें, आणि चौथ्या दिवशीं लोकल सोडून बस धरली. येथें घात झाला तो गाडींतील दहा मिनिटांनीं नव्हे, नंतरच्या तीन दिवसांनीं. याच बाई दुसऱ्या दिवशीं त्याच गाडीनें, थोड्या घाबरत कां होईना, गेल्या असत्या, तर तो झटका पावसाळ्यांतील एक किरकोळ गोष्ट ठरला असता. दारूचें व्यसन सोडलेल्यांचा अभ्यास करणारे ॲलन मार्लाट यांनीं घसरणें आणि पुन्हां पूर्ववत् पडणें यांत जो भेद केला, तो येथेंहि तंतोतंत लागू पडतो. पाय घसरलेला मनुष्य सांवरूं शकतो. मात्र ‘आपण पडलोंच’ असें ठरवून जो अंग टाकतो, तो खरोखरच पडतो.

ही पीछेहाट ओळखण्याची खूण कोणती? झटके मोजणें ही नव्हे. आपण काय काय टाळूं लागलों, हें पाहणें ही होय. भीति मोठ्या युक्तीनें परत येते. सिनेमागृहांत दाराजवळचीच खुर्ची लागते. पाण्याची बाटली व खिशांत एखादी गोळी असल्यावांचून उंबरठा ओलांडवत नाहीं. बाहेर जातांना कोणी तरी बरोबर हवें असतें. घटकेघटकेस नाडी पाहिली जाते. यांतील प्रत्येक गोष्ट निरुपद्रवी दिसते, पण ती मनास एकच शिकविते, कीं तूं वांचलास तो या कुबडीमुळें. म्हणून महिन्यांतून एकदां शांतपणें बसून अशा कुबड्यांची यादी करावी आणि त्यांतील एकेक मुद्दाम टाकून पाहावी. उपचारांत शिकविलेला सरावहि बरें वाटत असतांना सोडूं नये. जिना भरभर चढून छाती धडधडूं देणें, खुर्चींत गरगर फिरून घेरी येऊं देणें, असे व्यायाम डॉक्टरांची अनुमति घेऊन अधूनमधून केले, म्हणजे शरीराच्या त्या खुणा परक्या राहत नाहींत. सराव निरनिराळ्या जागीं व निरनिराळ्या वेळीं करावा. बाउटन यांच्या उंदरांनीं शिकविलेला धडा तोच आहे.

उपचार संपतांना एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवणें फार उपयोगी पडतें: झटका म्हणजे काय, आपणांस कशानें गुण आला, कोणत्या काळांत अधिक जपावें, आणि पुन्हां त्रास झाल्यास प्रथम काय करावें. घरांतील आजारपण, मृत्यु, बदली, बाळंतपण, परीक्षा हे जपण्याचे काळ होत. अशा दिवसांत झोप मोडूं देऊं नये. कडक चहाकॉफी ज्यांस धडधड आणते त्यांनीं ती आंवरावी. आणि मन शांत करण्यास मद्याचा आश्रय तर मुळींच करूं नये, कारण त्याचा अंमल उतरतांना अस्वस्थता वाढते.

औषधांविषयीं एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. बरें वाटूं लागतांच गोळ्या आपल्या मतानें बंद करूं नयेत. तीं औषधें गुण आल्यावरहि कित्येक महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू कमी करावयाचीं असतात. एकदम थांबविल्यास घेरी, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होऊं शकतो, आणि रोगी त्यासच जुना विकार समजून घाबरतो.

घरच्यांचें कामहि नाजूक आहे. ‘हीं सारीं मनाचीं थेरें आहेत’ असें म्हणणें निर्दयपणाचें. पण ‘तूं घरींच बस, बाजार मी करून आणतों’ हा प्रेमळपणाहि तितकाच घातक. पहिल्यानें रोगी एकटा पडतो, दुसऱ्यानें तो कैदी होतो. झटक्याच्या वेळीं जवळ शांत बसावें आणि तो ओसरल्यावर हातांतील काम पुढें चालूं द्यावें, एवढेंच पुरे. मात्र छातींतील दुखणें नेहमींहून निराळें वाटलें, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावें. झटके वारंवार येऊं लागले, टाळणें वाढत चाललें किंवा जीव नकोसा झाला, तर पुन्हां उपचारांस जाण्यांत लाज नाहीं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालू आहे.

शेवटीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. क्लेअर वीक्स यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९०३ सालीं सिडनींत जन्मलेल्या या विदुषी प्रथम प्राणिशास्त्राच्या अभ्यासक होत्या. तरुणपणीं क्षयाच्या चुकीच्या निदानामुळें त्या घाबरून गेल्या व त्यांची छाती सदा धडधडूं लागली. पहिल्या महायुद्धांत लढलेल्या एका मित्रानें त्यांस समजाविलें, कीं खंदकांतील सैनिकांचेंहि असेंच होई. ही धडधड रोगाची नव्हे, भीतीची आहे. तेवढ्या बोधानें त्यांस वाट सांपडली. पुढें त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या आणि १९६२ सालीं त्यांनीं सामान्य वाचकांसाठीं पुस्तक लिहिलें. त्यांची शिकवण अशी, कीं झटक्यास सामोरें जावें, त्याचा स्वीकार करावा, अंग सैल सोडून त्यावर तरंगावें आणि काळास आपलें काम करूं द्यावें. याच वीक्सबाईंस उतारवयांतहि कधीं कधीं रात्रीं झटक्यानें जाग येई, आणि त्या तें मोकळेपणें सांगत. पण त्यास त्या यत्किंचितहि महत्त्व देत नसत. बरें राहण्याचा अर्थ याहून निराळा नाहीं. पाहुणा कधीं काळीं दार ठोठावील. घर त्याच्या स्वाधीन करावयाचें नाहीं, एवढें कळलें म्हणजे झालें.